पिवळी टिपणी, हिरवी टिपणी

दिल्लीच्या वर्तमानपत्रांत 'बाबू' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरतात की त्याची हद्द कोठे संपते ते सांगणे कठीण आहे. भारत सरकारच्या सचिवांच्या बदल्या झाल्या तरी मथळा 'बाबूंच्या बदल्या' असाच येतो, आणि एखाद्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला चौथी खेप घालावी लागली तरी दोष बाबूंच्याच माथी बसतो. एका परीने हा मोठा समतावादी शब्द म्हटला पाहिजे. सचिवसाहेबांच्या दालनात गालिचा असतो. आमच्या शाखेत लोखंडी कपाटांच्या दोन रांगा आणि त्यांच्या मधून वाट काढीत येणारा चहावाला. परंतु बाहेरच्या जगाच्या लेखी दोघेही बाबूच. आपल्या मराठीतला 'कारकून' मात्र इतका उदार नाही. तो आपला खालीच राहतो, आणि कोणी अधिक चिडले तर त्याचा 'कारकुंडा' होतो. वास्तविक फारसीत कारकुन म्हणजे काम करणारा, एवढाच निरुपद्रवी अर्थ. पेशव्यांच्या हुजूर फडात बसणाऱ्या कारकुनास कोणी हिणवीत असेल असे मला वाटत नाही; नाना फडणीसांचे फडणीसपद हेही मुळात दप्तराचे आणि हिशेबाचेच पद. लेखणी धरणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात अंतर असे, भिंत नसे.

भिंत बांधली ती इंग्रजांनी, आणि तीही प्रथम स्वतःच्याच घरासाठी आखली. १८५३ च्या नोव्हेंबरात सर स्टॅफर्ड नॉर्थकोट आणि सर चार्ल्स ट्रेव्हेलियन या दोघांनी ब्रिटिश सरकारच्या नोकरवर्गासंबंधी एक छोटासाच अहवाल लिहिला. तो पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. वशिल्याने भरलेल्या जागा, अंगचोर आणि निरुपयोगी पुतण्यांची सोय लावणारी खाती, असे त्यांचे निदान होते. उपाय त्यांनी असे सुचविले: नेमणूक खुल्या स्पर्धापरीक्षेने करावी, बढती केवळ ज्येष्ठतेने नव्हे तर गुणांवर द्यावी, आणि बुद्धीचे काम व यांत्रिक काम यांची फारकत करून दोन्हींसाठी निरनिराळी माणसे घ्यावीत. यांतील ट्रेव्हेलियन हा कंपनीच्या बंगालातील नोकरीत वाढलेला, मेकॉलेचा मेहुणा. 'सिव्हिल सर्व्हिस' हा शब्दच कंपनीच्या कारभारातून विलायतेस गेला असे म्हणतात, तेव्हा कल्पनाही थोडीफार याच वाटेने गेली असल्यास नवल नाही. १८५४ मध्ये खुद्द मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षेची शिफारस केली आणि १८५५ साली लंडनात ती परीक्षा झालीही. विलायतेतील बहुतेक खात्यांस मात्र खुली स्पर्धा लागू व्हावयास १८७० साल उजाडावे लागले. नव्या औषधाचा पहिला घोट आश्रिताला पाजून पाहण्याची ही रीत जुनीच आहे.

फारकतीचे काम पुढे प्लेफेअर आयोगाने १८७४-७५ च्या सुमारास पुरे केले आणि 'हायर डिव्हिजन' व 'लोअर डिव्हिजन' अशी दोन दालने पाडली. 'लोअर डिव्हिजन क्लार्क' हे नाव दिल्लीच्या सचिवालयातही पुढे दीर्घकाळ सुखाने नांदले. अगदी अलीकडे, गेल्या दशकात, त्याचे 'कनिष्ठ सचिवालय सहायक' असे नामकरण झाले. पाटी बदलली, खुर्ची तीच आहे. वेतन आयोगाच्या तक्त्यांत भिंत शाबूत आहे आणि मी तिच्या अलीकडल्या बाजूस बसतो.

अलीकडे कसा आलो, तेही थोडक्यात सांगतो. कारण या पानांचे वाचक बहुतेक पलीकडचे आहेत आणि काहीजण माझ्यासारखेच अलीकडचे. पदवी घेतल्यावर साताऱ्याकडची जी अनेक मुले जुन्या राजेंद्रनगरच्या भाड्याच्या खोल्यांत येऊन पडतात, त्यांतलाच मी एक. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात. मी ते मराठीतच लिहिले. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, एकदा शाहजहान रोडवरील धौलपूर हाउसमध्ये मुलाखतीस बसलो, आणि यादीत नाव आले नाही. त्याच सुमारास कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठी असलेली परीक्षा दिली होती, ती मात्र पार पडली. एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, जवळजवळ त्याच पुस्तकांवर अभ्यास केलेल्या तिघांपैकी एकजण आज एका जिल्ह्याचा कारभार पाहतो, एकजण गावी शेती आणि शिकवणी करतो, आणि मी टिपण्या लिहितो. बुद्धीचे काम आणि यांत्रिक काम यांची वाटणी कोणत्या काट्याने होते ते मला त्या काळी जवळून पाहावयास मिळाले. काटा खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो फार बारीक मापाचा आहे आणि त्यावर माणसाला आयुष्यात थोड्याच वेळा उभे राहता येते, एवढेच.

या परीक्षेच्या इतिहासात एका मराठी माणसाची हकीकत आहे, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८६९ साली लंडनच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्याकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावे आयोगाने वयाच्या कारणावरून गाळली. आपल्याकडे मूल जन्मताच पहिले वर्ष चालू होते. 'सोळावे लागले' म्हणजे पंधरा पुरी झाली. विलायती हिशेबात सोळा म्हणजे सोळा पुरी. शाळेच्या दाखल्यात देशी रीतीने लिहिलेला आकडा साहेबांनी विलायती रीतीने वाचला आणि दोघे वयाबाहेर ठरले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आयोगाला माघार घ्यावी लागली आणि दोघेही परत घेतले गेले. कोणा शाळेतल्या कारकुनाने सहज उतरविलेला एक आकडा दोन माणसांच्या आयुष्यावर असा बसला होता. पुढे सुरेंद्रनाथांचे जे झाले ते तर आमच्या धंद्याच्या दृष्टीने अधिकच बोधक आहे. सिल्हेटला असताना एका खटल्यातील आरोपीचे नाव फरारींच्या यादीत चढले. त्यांचे म्हणणे असे की कारकुनाने पुढे ठेवलेल्या नित्याच्या कागदांत त्यावर सही होऊन गेली. १८७४ साली त्यांना बडतर्फ करण्यात आले. देशाला एक पुढारी मिळाला हे खरे. परंतु यांत्रिक काम कोठे संपते आणि बुद्धीचे काम कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या सहीखाली तसाच पडून राहिला.

परीक्षा हिंदुस्थानातही व्हावी, या एका मागणीसाठी आपल्या माणसांनी किती वर्षे घासली! दादाभाई पार्लमेंटात असताना १८९३ साली तसा ठरावही कॉमन्स सभेत मंजूर झाला आणि सरकारने तो बासनात बांधून ठेवला. गोखल्यांनी १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली, पुढे इस्लिंग्टन आयोगाचे सभासद म्हणून काम केले आणि आयोगाचे काम पुरे होण्यापूर्वीच १९१५ साली त्यांचे निधन झाले. अलाहाबादेस पहिली परीक्षा १९२२ मध्ये झाली. तोवर महाडजवळच्या नाते गावचा एक मुलगा लंडनला जाऊन १९१८ च्या परीक्षेत पहिला येऊन गेला होता. चिंतामणराव देशमुखांविषयी या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निर्णयासाठी टिपण्या लिहिलेल्या माणसाने शेवटी स्वतःच्या नावाने एक टिपणी लिहिली, असे मला त्या राजीनाम्याबद्दल नेहमी वाटते.

टिपणी म्हणजे काय हे बाहेरच्यांस सांगणे अवघड जाते. आपल्याकडे मंत्रालयात जिला नस्ती म्हणतात तिला येथे फाइल म्हणतात. तिचे दोन भाग: एकीकडे आलेला-गेलेला पत्रव्यवहार, दुसरीकडे हिरव्या कागदावर टिपण्या. एखादे पत्र आले की ते प्रथम आमच्यासारख्याच्या मेजावर येते. त्याने पूर्वपीठिका शोधावयाची, नियम पाहावयाचे, यापूर्वी असे प्रकरण आले असल्यास काय केले ते काढावयाचे, आणि हे सर्व मोजक्या परिच्छेदांत लिहून शेवटी काय करता येईल ते सुचवावयाचे. मग शाखाधिकारी, अवर सचिव, उपसचिव, संयुक्त सचिव असा तिचा प्रवास. वर जाताना प्रत्येक पायरीवर शब्द कमी होत जातात. सर्वांत वर बहुधा केवळ सहीच असते. कर्झनने या फिरण्याची तुलना पृथ्वीच्या दैनंदिन परिवलनाशी केली होती, आणि तो ज्या कंटाळ्याने बोलला तो कंटाळा मला समजतो. परंतु त्याच्या ध्यानी एक गोष्ट आली नसावी. पहिली टिपणी ज्याने लिहिली त्याने प्रश्नाला आकार दिलेला असतो. काय विचारात घ्यावयाचे आणि काय नाही, कोणता पूर्वीचा दाखला जोडावयाचा, हे सारे तेथेच ठरते. वरचे अधिकारी सहमत होतात किंवा असहमत होतात. पण होतात ते आम्ही मांडलेल्या पटावर. यालाच नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांत्रिक काम म्हणत असतील तर त्यांनी यंत्र पाहिले होते, कारकून पाहिला नव्हता.

या टिपणीची भाषाही मोठी विलक्षण. तिच्यात कर्ता नसतो. 'असे निदर्शनास आणण्यात येते', 'विचार करता येईल', 'उचित वाटल्यास'. कोणाला वाटल्यास, ते लिहिण्याची प्रथा नाही. सुरुवातीस मी कर्तरी प्रयोगात लिहीत असे, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी हसून ती वाक्ये कर्मणीत फिरविली. आता माझी घरची पत्रेही कर्मणीत उतरू लागली आहेत असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

स्वातंत्र्यानंतर या साऱ्या यंत्रणेचे काय करावयाचे, हा प्रश्न सरदार पटेलांपुढे होता. जुनी नोकरी मोडून टाकावी असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचा राग समजण्याजोगा होता. पटेलांनी ती मोडली नाही. २१ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी चार महिने, त्यांनी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये नव्या प्रशासन सेवेच्या उमेदवारांपुढे भाषण केले, आणि १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत या नोकरवर्गाची बाजू घेतली. त्या दुसऱ्या भाषणाचा आशय असा की, माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, तशी मोकळीक मी माझ्या सर्व सचिवांस दिली आहे, आणि मंत्र्याला बरे वाटणार नाही या भीतीने जो आपले प्रामाणिक मत देणार नाही त्याने जावे, मी दुसरा आणीन. घटनेचे कलम ३११ आहे ते याच हमीच्या पोटी. चौकशीवाचून कोणास बडतर्फ करता येत नाही, आणि हे संरक्षण सचिवाला आहे तसेच मलाही आहे. पटेलांचे शब्द मात्र सचिवांपुरतेच होते. सचिवाची विरोधी टिपणी ज्याच्या टिपणीवर उभी राहते, त्याचा विचार त्या दिवशी सभेत कोणी केल्याचे दिसत नाही. तो करण्याची ती वेळही नव्हती.

विलायतेत पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे गंमत वाटते. १९६८ साली फुल्टन समितीने, सर्व विषयांत थोडे थोडे जाणणाऱ्या साहेबी अष्टपैलूपणावर कोरडे ओढले आणि प्रशासकीय, कार्यकारी व कारकुनी असे वर्ग मोडून सर्वांना एकाच शिडीवर घ्यावे असे सांगितले. पुढल्या काही वर्षांत त्या तीन वर्गांचा बराचसा भाग खरोखरच एकत्र केला गेला. १९८८ पासून थॅचरबाईंच्या राजवटीत खात्यांची अंमलबजावणीची कामे निरनिराळ्या स्वतंत्र अभिकरणांकडे गेली, आणि ज्या व्हाइटहॉलच्या नावाने आपण शपथ घेत होतो त्याचे रूपच पालटले. इतके सगळे होऊन त्यांच्या सनदी नोकरीला कायद्याचा आधार मिळाला तो २०१० साली. तोवर सारा कारभार राजाज्ञा आणि रिवाज यांवरच चालला होता. आपल्याकडे उलट. आपण पहिल्याच दिवशी सर्व काही घटनेत लिहून ठेवले. १९५१ साली गोरवालांचा अहवाल आला, १९५३ साली अमेरिकेच्या ॲपलबीसाहेबांचा, १९६६ पासून पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग, २००५ पासून दुसरा. अहवालांना तोटा पडला नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर 'ड' गट गेला. २०१८ साली बाहेरच्या तज्ज्ञांना थेट संयुक्त सचिव पदावर घेण्याची टूम निघाली आणि २०२४ च्या ऑगस्टात तशाच पंचेचाळीस जागांची जाहिरात आरक्षणाच्या मुद्द्यावरून तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. वरचे दार थोडे किलकिले झाले खरे. मधली भिंत घालण्याची कल्पना ज्या घरातून आली त्या घराने ती पाडली. आपण भाडेकरू मात्र दर दिवाळीला तिला नवा रंग देतो आहोत.

मात्र दोन बदल खरे झाले, आणि दोन्ही टिपणीशी संबंधित आहेत. पहिला माहितीच्या अधिकाराचा. १२ ऑक्टोबर २००५ पासून हा कायदा लागू झाला. आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच होता, हे अभिमानाने सांगावे असे आहे. फाइलीवरील टिपण्या ही 'माहिती' होय की नव्हे, यावर पहिल्याच वर्षी मोठा वाद झाला. २००६ साली टिपण्या वगळण्यासाठी दुरुस्तीचा घाट घातला गेला आणि लोकांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. दुसरा बदल संगणकाचा. आता फाइल पडद्यावर असते. तेथे टिपणी प्रथम पिवळ्या रंगात लिहितात. पिवळी म्हणजे कच्ची. खोडावी, फिरवावी, हवी तर टाकून द्यावी. ती कायम केली आणि पुढे पाठविली की हिरवी होते, तिला क्रमांक पडतो, वेळ मिनिटासह उमटते, आणि मग ब्रह्मदेवालाही तिच्यातला काना-मात्रा हलविता येत नाही. माझे वडील महाराष्ट्रात एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वेळी साहेब पेन्सिलीने लिहायचे आणि आम्ही शाईने. पेन्सिल खोडली की आमचीच शाई उरायची." पिवळ्या-हिरव्याचा याहून चांगला खुलासा मला करता येणार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. कार्यालयाचे नाव येथे नको. एका देखभालीच्या कंत्राटाची मुदत संपत होती आणि त्याच कंत्राटदाराला निविदा न मागविता आणखी दोन वर्षे द्यावीत, असा प्रस्ताव माझ्याकडे टिपणीसाठी आला. कारण म्हणून 'तातडी' हा शब्द होता. मी तीन परिच्छेद लिहिले. मुदत केव्हा संपणार हे वर्षभर ठाऊक होते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांमध्ये एकाच पुरवठादाराकडे जाण्याच्या ज्या परिस्थिती सांगितल्या आहेत त्यांपैकी कोणतीही फाइलीवर दिसत नाही. निविदेस लागणारा अवधी अद्याप शिल्लक आहे. 'उचित वाटल्यास खुली निविदा मागविता येईल.' कर्मणी प्रयोगात, रिवाजाप्रमाणे. आमचे शाखाधिकारी गढवालकडचे, निवृत्तीला वर्षाच्या आत आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ती वाचली, खाली सही केली आणि फाइल वर गेली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मेजापाशी आले. वरून दूरध्वनी आला असावा हे त्यांच्या चालण्यावरून कळले. "भाई, वो नोट अभी येलो में है क्या?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नहीं सर, ग्रीन हो चुका. नीचे आपके साइन हैं." ते समोरच्या खुर्चीवर क्षणभर बसले. मग म्हणाले, "हाँ, मेरे भी हैं," आणि उठून गेले. तोंडी आदेश लेखी मागावा असे नियम सांगतो. २०१३ साली सुब्रह्मण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. मला आदेश कोणी दिलाच नाही, तेव्हा लेखी काय मागणार? माझ्या फाइलीवर पुढे काही झाले नाही. काही आठवड्यांनी कळले की दुसऱ्या एका शाखेत नवी फाइल उघडून तोच प्रस्ताव तेथे नव्याने जन्मास आला. नव्या फाइलीला पूर्वपीठिका नसते. महिनाभरात माझी खुर्ची आवक-जावक शाखेत हलविण्यात आली. तेथेही काम असते आणि ते मी करतो; टपालाची नोंद चुकली तर एखाद्याचे निवृत्तिवेतन अडते, हे मला माहीत आहे.

यंदा वार्षिक मूल्यमापन अहवाल हाती आला. २००८ च्या न्यायालयीन निर्णयानंतर तो कर्मचाऱ्यास दाखवावा लागतो, हीही एक सुधारणाच. शाखाधिकाऱ्यांनी मला दहापैकी ७.६ दिले होते. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी ते ५.८ केले आणि कारण लिहिले: 'समन्वयाचा अभाव'. वाचकांपैकी ज्यांनी असे अहवाल लिहिले आहेत त्यांना सहाच्या खाली आणि वर यांतला फरक ठाऊक आहे. दहा वर्षांच्या नोकरीनंतर मिळावयाच्या वेतनोन्नतीस २०१६ पासून 'फार चांगला' हा शेरा लागतो. सहाच्या खाली तो नुसता 'चांगला' होतो. माझी दहा वर्षे लवकरच भरतात. गाझियाबादच्या घराचा हप्ता आणि मुलीच्या शाळेची फी यांच्या बेरजेत ही वाढ मी गेली दोन वर्षे धरीत आलो आहे. कलम ३११ मला बडतर्फीपासून वाचविते. दशांश चिन्हापासून वाचविणारे कलम घटनेत नाही.

अभिवेदनास पंधरा दिवसांची मुदत असते. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, अर्ज कर. पण त्यात रडू नकोस. तारखा घाल." तारखा घालावयाच्या म्हणजे त्या टिपणीचा उल्लेख करावयाचा, फाइलीचा क्रमांक द्यावयाचा. आणि तेथेच मी अडलो. त्या हिरव्या टिपणीखाली दुसरी सही शाखाधिकाऱ्यांची आहे. मी क्रमांक दिला की चौकशी झाल्यास ती त्यांच्यापर्यंत जाणार, आणि त्यांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. निवृत्तीच्या तोंडावर एखादे प्रकरण उभे राहिले तर माणसाचे पैसे किती काळ अडकून पडतात हे आमच्या खात्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. क्रमांक न देता लिहिले तर उरते काय? मी समन्वयी आहे, असे माझेच प्रशस्तिपत्र. बारा दिवस मी दोन मसुदे पडद्यावर उघडे ठेवले, एक क्रमांकासह, एक क्रमांकाविना. दुसरा मसुदा व्याकरणदृष्ट्या अधिक सुबक होता.

तेराव्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो. ते डबा आवरत होते. मी दोन्ही मसुदे पुढे ठेवले आणि म्हटले, "सर, आप देख लीजिए. जो आप कहें." त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले, शाखेत कोणाची टिपणी वाचावी तसेच, एका जागी स्वल्पविरामही सुधारला. मग दुसरा मसुदा उलटा करून ठेवला. "नंबर में एक अंक गलत है," ते म्हणाले, आणि फाइलीचा सबंध क्रमांक, वर्ष आणि शाखेच्या संकेतासह, न पाहता सांगितला. मी तो लिहून घेतला. त्याच संध्याकाळी अभिवेदन दाखल केले. पोच मिळाली आहे. निर्णय अद्याप यावयाचा आहे. शाखाधिकारी ठरल्या दिवशी निवृत्त झाले आणि आता कोटद्वारला असतात.